वार, तारीख आणि अगत्य

थोरल्या बंधूंच्या एकसष्टीची निमंत्रणपत्रिका लिहिण्याचे काम कुटुंबाने सर्वानुमते मजकडे सोपविले तेव्हा, आयुष्यभर लेखणी झिजविलेल्या मनुष्यास आठ ओळींच्या मजकुराची ती काय मातब्बरी, असे मला वाटले होते. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' या आरंभापासून 'आपले कृपाभिलाषी' या अखेरीपर्यंत सर्व काही यथासांग जुळविले. कोणाच्या नावामागे 'ती.' आणि कोणाच्या मागे 'चि.', आत्याबाईंचे नाव काकांच्या वर की खाली, याचा खल दोन रात्री चालला; मुद्रिते तीनदा तपासली, एक ऱ्हस्व वेलांटीसुद्धा दीर्घ करविली; आणि पत्रिका घरोघर पोहोचल्यावर ध्यानात आले की वार छापला होता रविवार आणि तारीख होती शनिवारची. दूरध्वनींचा सपाटा लावला, तरी शनिवारी सकाळी चिपळूणहून पहिल्या एसटीने निघालेल्या मावशी मंगल कार्यालयाच्या बंद दाराशी, फणसपोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन, पायरीवर बसलेल्या सापडल्याच. त्या रागावल्या नाहीत. "पत्रिका मात्र सुरेख छापलीस हो," एवढेच म्हणाल्या.

त्या वाक्याने मला जितके ओशाळविले तितके कोणत्याही टीकाकाराने ओशाळविले नाही.

'मायना' हा शब्द आपण अरबीतून घेतला आणि त्याचा मूळ अर्थच 'अर्थ' असा आहे. जुन्या दप्तरांतील कागद पाहिले म्हणजे 'राजश्री' कोणास आणि 'तीर्थरूप' कोणास, यावरून लिहिणाराचे नाते व पायरी तत्काळ कळते. मायना हीच एक माहिती होती, आणि 'विशेष' म्हणून कामाचा मजकूर लगोलग पुढे येई. आमच्या पत्रिकांत मायना उरला, विशेष तेवढे हरपले. पूर्वी 'मिती वैशाख शुद्ध 3, शके 1947' याच्या शेजारी 'बुधवार, दिनांक 30 एप्रिल 2025' अशा धर्तीवर लिहीत, त्यात केवळ धर्मनिष्ठा नव्हती; दोन कालगणना एकमेकींस जामीन राहत, आणि एकीत चूक झाली तर पंचांग पाहणारा कोणी आजोबा ती दुसरीवरून पकडीत असे.

भोजनाविषयीचे मौन हा तर आपला खास दोष. 'सायंकाळी 7 नंतर स्वागत समारंभ' एवढ्यावरून पाहुण्याने काय समजावे? तीर्थप्रसाद, अल्पोपाहार आणि स्नेहभोजन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांसाठी भाषेने तीन निरनिराळे शब्द दिलेले असता त्यांपैकी एकही न वापरणारा यजमान पाहुण्यास एक तर घरी जेवून यावयास लावतो, नाही तर आइस्क्रीमच्या वाटीवर परत पाठवितो. जेवण नसणे हा अपराध नाही. ते न सांगणे हा आहे.

आणखी एक मौन याहून कठोर आहे. जिने शिवणकाम करून मुलास शिकविले, त्याच मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून चुलत्यांची नावे ओळीने यावीत आणि तिचे नाव एक तर नसावे, नाही तर 'गं. भा.' हे बिरुद लावून तळाशी असावे, हा प्रकार मी एकाहून अधिक घरी पाहिला आहे. तिचे नाव, 'श्रीमती' लावून, सर्वांत वर असावे. यावर खल करण्याजोगे काही आहे, असे मला वाटत नाही.

सजावटीविषयी माझे फारसे म्हणणे नाही. गिरगावात खाडिलकर रोडवरील दुकानांत फिरून पाहावे. मोर, पालख्या, कोरीव जाळ्या, सर्व काही मिळते. फक्त तांबड्या कागदावर सोनेरी बारीक अक्षर घेऊ नये, ते वाचण्यासाठी म्हाताऱ्यास खिडकीशी जावे लागते. संगणकावरील 'मंगल' हा अक्षरसंच र. कृ. जोशींसारख्या मराठी अक्षरतपस्व्याने घडविला, तरी आपल्या देठाच्या 'श'चा आणि पाकळीच्या 'ल'चा आग्रह छापखान्यात आपणच धरावयास हवा. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या चित्रफितीत सनई वाजते, फुले उधळतात आणि कार्यालयाचा पत्ता डोळ्यांसमोरून निसटून जातो. त्यापेक्षा बुक-पोस्टाने येणारे, न चिकटविलेले, कोपऱ्यांस हळदकुंकू लावलेले ते पाकीट बरे होते, भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या खिळ्यास अडकवून ठेवता येई.

ज्यांचे घरी यंदा कार्य आहे त्यांस माझी एवढीच विनंती की, पत्रिका छापावयास देण्यापूर्वी वार व तारीख पंचांगाशी ताडून पाहावी, जेवण असल्यास तसे लिहावे, आणि अखेरचे मुद्रित अशा माणसाकडून वाचवून घ्यावे, ज्याचे नाव त्या पत्रिकेत नाही.