पंप ज्याच्या पाठीवर, शिक्षण त्याला

सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने आजारी पडले. वीसहून अधिक दगावले. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती व फवारा तोंडावर, छातीवर येत होता. विष नाकातोंडावाटेच नव्हे, तर कातडीतूनही अंगात भिनते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

डब्यावरील लाल त्रिकोण अतिजहाल विषाची, तर हिरवा त्यामानाने सौम्य विषाची खूण होय. परंतु डबा असतो मालकाच्या घरी आणि पंप मजुराच्या पाठीवर! म्हणून शिक्षणवर्ग शेतमालकापुरते न ठेवता फवारणी करणाऱ्या मजुरापर्यंत नेले पाहिजेत. हातमोजे, मुखपट्टी, साबण व पाणी पुरविणे ही मालकाची जबाबदारी समजावी. तो धर्मादाय नव्हे.

संशोधकांचेही कर्तव्य आहेच. जाड रबरी पोशाख विदर्भाच्या उकाड्यात तासभरही अंगावर राहत नाही. हलका, स्वस्त व धुता येण्याजोगा पोशाख तयार झाला, तरच उपदेश आचरणात येईल.

फवारणी वाऱ्याच्या दिशेने करावी. मध्येच तंबाखू खाऊ नये. घाम, लाळ, मळमळ वा धाप ही लक्षणे दिसताच काम थांबवावे, कपडे काढून अंग साबणाने धुवावे व रोग्यास औषधाच्या डब्यासह दवाखान्यात न्यावे. पीक पुढल्या साली पुन्हा येते. गेलेला माणूस येत नाही.