भाकरी घालणाऱ्याच्या नावे

श्वानदंशानंतर पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची दहशत ज्या पिढीने अनुभवली, किंवा निदान शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून ऐकली, ती पिढी आता वार्धक्याकडे झुकली आहे. 1911 साली कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून सिद्ध केलेली ती जुनी लस या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या देशातून हद्दपार होऊन तिच्या जागी दंडात घ्यावयाची सुटसुटीत लस आली, हे वैद्यकाचे निर्विवाद उपकार असले, तरी त्या दहशतीबरोबर कुत्र्याविषयीची सावधगिरीही समाजाच्या मनातून बरीचशी उतरली, असे मला वाटते. रेबीज हा रोग मात्र होता तसाच आहे. लक्षणे एकदा प्रकट झाली की त्यावर आजही खात्रीचा इलाज नाही, आणि माणसाला तो बहुतांशी कुत्र्याच्याच चाव्याने होत असल्यामुळे त्याचा पक्का बंदोबस्त करावयाचा, तर आधी कुत्र्यालाच लस टोचली पाहिजे.

शहरातल्या सदनिकेत वाढणाऱ्या लॅब्रेडॉरची मला फारशी चिंता नाही. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचे होताच त्याचे मालक त्याला दवाखान्यात नेतात. डॉक्टर मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून सुई टोचतात, कुपीवरची बॅच क्रमांकाची चिकटपट्टी सोलून पुस्तिकेत डकवतात, आणि खाली सही करून पुढली तारीख घालतात. कसूर झालीच, तर ती या पुढल्या तारखेची होते. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारद्रव्ये लसीचा प्रभाव निष्फळ करतात आणि ती नेमकी कोणत्या आठवड्यात ओसरतील हे सांगता येत नाही, म्हणून पार्व्हो व डिस्टेंपर यांच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा द्याव्या लागतात. परंतु पहिल्याच सुईनंतर निर्धास्तपणे पिल्लाला रस्त्यावर हिंडवणारे आणि ते पार्व्होने दगावल्यावर लसीच्या नावाने खडे फोडणारे सुशिक्षित लोक काही थोडे नाहीत. रेबीजची पहिली मात्रा सामान्यतः तीन महिन्यांची, आणि एका वर्षाने दुसरी.

माझी तक्रार आहे ती अर्ध्यामुर्ध्या मालकीच्या प्राण्यांविषयी. वस्तीवर, वाडीत, गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रा असतो. त्याला नाव असते, रात्री कोणा एका घरची भाकरी असते, त्या घरची पोरे त्याच्या गळ्यात हात टाकून बसतात, आणि लसीचा विषय निघताच तोच कुत्रा एकाएकी कोणाचाच नसतो. मांजराची गत याहून निराळी नाही. ते उंदीर धरते, पोरांच्या पांघरुणात निजते, रात्री कुंपणावरून चार घरे हिंडून येते. त्यालाही रेबीज होतो आणि त्याच्या चाव्यातून तो माणसाला होऊ शकतो, ही गोष्ट पुष्कळांच्या गावीही नसते. पुणे महापालिकेने 2022 साली कुत्र्यांप्रमाणे मांजरांच्याही नोंदणीचे पाऊल उचलले, तेव्हा वर्तमानपत्री विनोदाला ऊत आला होता. मला त्या निर्णयात हसण्याजोगे काही दिसले नाही.

शेजारच्या गोव्याने या बाबतीत जे केले त्याचा आपल्या दप्तरात फारसा मुलाहिजा झालेला दिसत नाही. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांच्या पथकांनी वाड्यावाड्यांतून, घराघरांतून फिरून, पाळीव कुत्र्याला मालकाच्या हाती धरवून आणि मोकाट कुत्र्याला जाळ्यात घेऊन लस टोचली, आणि प्रत्येक प्राण्याची नोंद जागच्या जागी केली. शंभरातील सत्तर कुत्रे सुरक्षित झाले की रोगाची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशेब. 2018 पासून काही वर्षे तिथे या रोगाने एकही माणूस दगावल्याची नोंद झाली नाही, आणि 2021 साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले.

म्हणून माझी सूचना अशी की, लसीचा दाखला भाकरी घालणाऱ्याच्या नावे निघावा, त्यासाठी छदामही आकारू नये, आणि ग्रामपंचायतीने तो त्याच्या दारात नेऊन द्यावा. दंडाचे फर्मान सुरुवातीलाच काढले, तर लोक उद्यापासून भाकरी घालणे बंद करतील किंवा साफ कानांवर हात ठेवतील. पोटापाण्याच्या विवंचनेत दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या दवाखान्यात कुत्रा नेणे परवडत नाही, ही त्यांची अडचण खोटीही नाही.

आणखी एक. दरसाल 28 सप्टेंबरला, लुई पाश्चर यांच्या पुण्यतिथीस, जागतिक रेबीज दिनाची शिबिरे भरतात, छायाचित्रे निघतात आणि बर्फाची पेटी पुन्हा कपाटात जाते. आपल्याकडे कुत्र्यांची बरीचशी पिल्ले पावसाळा सरल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाशी जन्मतात. म्हणजे सप्टेंबरच्या शिबिराच्या वेळी ती जन्मलेलीही नसतात, आणि पुढल्या शिबिरापर्यंत दात फुटून, पोरांशी खेळून, गल्लीत भांडून मोठी झालेली असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरी फेरी काढण्यास पशुसंवर्धन खात्याला नव्या कायद्याची गरज नाही.