मसाल्यावरचा आळ

रेड वाइन आणि मराठी जेवण यांचं गोत्र जुळत नाही, असा निवाडा एका रसिकाग्रणींनी नुकताच देऊन टाकला आहे. त्यांचं नाव घेण्याचं कारण नाही. वाइनविषयी मराठीत लिहिणारे-बोलणारे बरेच जण हेच म्हणत आले आहेत. यांनी ते जरा जास्त ठसक्यात म्हटलं, इतकंच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपलं जेवण मसालेदार आणि झणझणीत, रेड वाइन नाजूक आणि बहुपदरी, तेव्हा रश्श्यापुढे तिचा टिकाव लागत नाही. म्हणून घरी रेड वाइनची चव घ्यायची असेल तर त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येता कामा नये. चीज आणावं, पाव आणावा, जमल्यास पास्ता करावा. बाटली खोलीच्या तापमानाला ठेवावी, मोठ्या पोटाचे पेले असावेत, आणि पहिल्या घोटानंतर निदान चार फळांची नावं घेता यावीत. नाही आली तर माणसाने बिअर प्यावी, असं ते म्हणाले नाहीत. सूर मात्र तोच होता.

किरकोळ मुद्दे आधी उरकून घेऊ.

खोलीचं तापमान म्हणजे कोणत्या खोलीचं? हा नियम ज्या युरोपीय घरांत जन्मला तिथल्या दगडी खोल्यांत १६ ते १८ अंश असत. नागपुरात मे महिन्यात तो पाळला तर पेल्यात काढा येईल. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, विषय संपला. पेल्यांचं म्हणाल तर चव घेण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय मानक पेला १९७७ मध्येच ठरलेला आहे आणि तो जेमतेम २१५ मिलिलिटरचा असतो. तोंडाशी निमुळता होणारा साधा काचेचा ग्लास चालतो. राहिली फळांची नावं. बोर्दोच्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एकच व्हाइट वाइन दोन प्रकारे दिली, एकदा आहे तशी आणि एकदा वास नसलेला लाल रंग घालून. लाल पेला समोर येताच मंडळींनी रेड वाइनची ठरलेली शब्दावली म्हणून दाखवली. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, तरी आमच्याकडचे फळवाले अजून हातगाडी फिरवत आहेत. आणि ‘हृदयाला चांगली’ हे पालुपद त्यांनी शेवटी जोडलं आहे, ते त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचं जानेवारी २०२३ चं निवेदन वाचून मागे घ्यावं: मद्याची निर्धोक मात्रा नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे.

एका बाबतीत ते बरोबर आहेत. माशांबरोबर रेड वाइन नको. का नको, ते त्यांनी सांगितलेलं नाही, कारण नियम पाठ असला की कारणाची गरज पडत नाही. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी ते दाखवून दिलं: वाइनमध्ये लोह जितकं जास्त, तितका मासळीच्या घासामागून येणारा उग्र वास जास्त. बांगड्याशेजारी कॅबरने ठेवू नये. मान्य.

आता मुख्य आरोप. ‘मसालेदार’ या एका विशेषणाच्या पोत्यात त्यांनी सुगंधी मसाले, मिरची, आंबट आणि गूळ हे सगळं कोंबलं आहे, आणि मग त्या पोत्यावर खटला चालवला आहे. आरोपी निरनिराळे आहेत. त्यांतला एक तर पूर्ण निर्दोष आहे, आणि खऱ्या गुन्हेगाराचं नावही त्यांच्या लेखात कुठे येत नाही.

निर्दोष कोण? मसाला. लवंगेचा वास ज्या युजेनॉलमुळे येतो ते युजेनॉल ओकच्या लाकडात असतं. पिंपं आतून भाजतात, वाइन त्यांत महिनोन्‌महिने राहते आणि तो वास घेऊन बाहेर पडते. शिराझला मिरपुडीचा वास येतो असं जाणते लोक फार पूर्वीपासून म्हणत. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यामागचा पदार्थ शोधला, रोटंडोन. तोच पदार्थ काळ्या मिरीतही निघाला. म्हणजे लवंग आणि मिरी वाइनला शोभत नाहीत असं म्हणताना आमचे रसिकाग्रणी बाटलीच्या आत आधीच बसलेल्या पाहुण्यांना दारातून हाकलत आहेत. काळा मसाला घ्या, गोडा मसाला घ्या: लवंग, दालचिनी, दगडफूल, भाजलेले तीळ, भाजलेलं सुकं खोबरं. भाजल्याचा हा खमंगपणा पिंपात मुरलेल्या रेड वाइनला अनोळखी मुळीच नाही. पास्त्यावरच्या टोमॅटोच्या आंबट सॉसपेक्षा तो तिच्या कितीतरी जवळचा आहे.

मिरचीवरचा आरोप अर्धा खरा आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेला भाजल्याची जाणीव करून देतं आणि मद्यार्क त्याच जाणिवेला फुंकर घालून भडकवतो. वर द्राक्षाच्या सालीतला आणि बियांतला तुरटपणा. तिखट रश्श्यावर तुरट, साडेचौदा टक्क्यांची रेड वाइन घेतली तर घशात वणवा पेटणार, यात शंका नाही. सावजीच्या रश्श्यापुढे मी कोणतीही बाटली उघडणार नाही. पण म्हणून मराठी जेवण म्हणजे सावजीचा रस्सा? मेतकूट-भात कुठल्या राज्यात खातात? पांढरा रस्सा कोल्हापुरातच होतो ना? खानदेशात वांगी तुराट्यांवर भाजून जे भरीत करतात त्यात हिरवी मिरची असते, पण धूर असतो, शेंगदाणे असतात, तेल असतं. मालवणी मटणात खोबरं असतं. मेद तिखटाला बोथट करतो आणि मांसातली प्रथिनं तुरटपणाला मऊ करतात. इतकं साधं गणित असताना ‘आपलं जेवण तिखट’ या तीन शब्दांत कोकण, खानदेश, वऱ्हाड आणि देश एकत्र वाळत घालायचे, याला अभ्यास म्हणत नाहीत. आणि ज्या युरोपच्या पंगतीचा त्यांना इतका आदर, तिथे स्पेनमधले लोक लाल मिरचीच्या पुडीने माखलेल्या चोरिसोबरोबर टेम्प्रानियो पितात आणि हंगेरीतले लोक पाप्रिकाच्या रश्श्याबरोबर आपली रेड. त्यांना कोणी अजून अडवलेलं नाही. मिरची तर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्याकडे आणली. वाइन आणि लसणात मांस मुरवायची त्यांची रीतही गोव्यात आली, तिथे वाइनच्या जागी माडाच्या ताडीचा व्हिनेगर आला, मिरची पडली, आणि विंदालू तयार झाला. ज्या पदार्थाच्या पूर्वजात वाइनच होती, तो आज वाइनच्या पंक्तीला बसायला नालायक!

आंबटाचं असं आहे की पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला तर वाइन मिळमिळीत लागते. तेव्हा सोलकढी आणि रेड वाइन यांच्यामध्ये निदान चार घास जाऊ द्यावेत.

आता खरा गुन्हेगार. गूळ. गोड घासावर कोरडी रेड वाइन घेतली की तिच्यातलं फळ नाहीसं होतं आणि उरतो तो आंबट, कडू, तुरट चोथा. मिरचीने वाइन जळजळीत होते; गुळाने तिची वाइनच राहत नाही. आणि हा गूळ पडतो कुठे? ज्यांना आपण सौम्य, सात्त्विक, घरगुती म्हणतो त्याच स्वयंपाकघरांत. चिंच-गुळाच्या आमटीत, अळूच्या फतफत्यात, पंचामृतात, उसळीत शेवटी ‘चवीपुरता’ म्हणून. रश्श्यावर आगपाखड करणाऱ्या गृहस्थांच्या घरी रोज आमटीत गूळ पडत असणार, अशी माझी दाट शंका आहे. त्या आमटीबरोबर एकदा शिराझ पिऊन बघून त्यांनी दोष कोल्हापूरला दिला, असंच झालं असावं. जेवणाच्या शेवटी रेड वाइनबरोबर चॉकलेट खावं अशी शिफारसही त्यांनी केली आहे, त्यावरून गोडाचा हिशेब त्यांच्या गावीही नाही हे सिद्ध होतं.

इथे एक जुना वाद आठवतो. जानेवारी २०२२ मध्ये राज्यात हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन विकू द्यायचं ठरलं आणि गदारोळ उठला. एक बाजू म्हणाली संस्कृती बुडाली. दुसरी म्हणाली वाइन ही दारूच नव्हे, ती तर द्राक्षबागायतदाराची तारणहार. दोन्ही बाजू सारख्याच बेफिकीर होत्या. बारा-चौदा टक्के मद्यार्क असलेलं पेय दारू नसेल तर दारू कशाला म्हणायचं? आणि नाशिक-सांगलीची बहुतेक द्राक्षं खायला, परदेशी पाठवायला आणि बेदाण्याला जातात. वाइनच्या वाट्याला त्यांतला छोटासा हिस्सा येतो. गंमत अशी की त्या सगळ्या धुरळ्यात ही वाइन कशाबरोबर प्यायची, हा प्रश्न कोणीही विचारला नाही. विकणाऱ्यांनीही नाही. ते चीजचीच जाहिरात करत राहिले.

रसिकाग्रणींचा आणखी एक आक्षेप आहे आणि तो जरा हुशार आहे, म्हणून त्याला उत्तर देतो. ते म्हणतात, पाश्चात्त्य जेवणात एकामागून एक पदार्थ येतात, म्हणून प्रत्येकाची वाइन ठरवता येते. आपल्या ताटात सगळं एकदम, तेव्हा जोडी कशाशी लावणार? यावर दोन गोष्टी. पहिली, एकामागून एक वाढण्याची पद्धत पश्चिम युरोपात रुळली ती एकोणिसाव्या शतकात, रशियन रीत म्हणून. त्याआधी तिथेही अनेक पदार्थ एकाच वेळी टेबलावर मांडत, आणि वाइन तर तेव्हाही पीत होते. दुसरी गोष्ट, ताटात सगळं एकदम असणं ही अडचण कशी? ताटाची डावी बाजू पाहा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. वाइन आणि पदार्थ यांचं जमवायला जी हत्यारं लागतात ती आपण जेवायला बसण्याआधीच वाढून ठेवतो.

यातूनच घरी चव घेण्याची रीत निघते, आणि तिला पास्ता लागत नाही. दोन-तीन बाटल्या, सगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. लेबल दिसलं की जीभ खोटं बोलते. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये लेबलं झाकून दिल्यावर फ्रेंच परीक्षकांनी आपल्याच बोर्दोच्या दिग्गजांवर कॅलिफोर्नियाच्या रेडला पहिला नंबर दिला होता. प्रत्येकीचा एक घोट घ्यावा. मग मिठाचे दोन कण जिभेवर आणि घोट: तुरटपणा मवाळ होतो. लिंबाचा थेंब आणि घोट: वाइन गोलसर लागते, पण जरा सपाट. गुळाचा खडा आणि घोट: तोंड वाकडं. मधल्या वेळी भाकरीचा कोरडा तुकडा. यानंतर कोणता पदार्थ कोणत्या बाटलीशी न्यायचा हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तरी माझी मतं विचाराल तर देतो, फार नाहीत. पिंपात न मुरवलेली तरुण शिराझ किंवा झिनफंडेल, थोडी थंड, मटकीच्या बिनगुळाच्या उसळीला आणि वांग्याच्या भरताला चांगली. पिंपातली शिराझ सुक्या मटणाला. अकलूजकडे संजोवेझे होते; तिच्यात आंबटपणा जास्त असतो, म्हणून टोमॅटो पडलेल्या रश्श्याला ती पुरून उरते. कॅबरने आपल्या जेवणात अवघडच जाते, ती निखाऱ्यावर भाजलेल्या मटणासाठी राखावी. आपल्याकडे उन्हामुळे द्राक्षात साखर भरते आणि साखरेतून मद्यार्क वाढतो. तेव्हा लेबलावर टक्के वाचावेत आणि तिखट जेवण असेल त्या दिवशी साडेबारा-तेराच्या पुढे जाऊ नये. ७५० मिलिलिटरची एक बाटली चौघांना पुरते. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते.

रेड वाइन मराठी घरात रुळत नाही याचं कारण ताटात नाहीच. आपल्याकडे पिणं जेवणाआधी उरकतात. ‘बसायचं’, चखणा संपवायचा, आवाज चढवायचे, आणि अकरा वाजता गार झालेलं जेवण कसंबसं गिळायचं. रेड वाइन या बैठकीत कुठेच बसत नाही. फरसाणाबरोबर तर ती भीषण लागते. तिला घास लागतो, गरम भाकरी लागते, आणि जेवणाच्या वेळेला जेवायला बसणारी माणसं लागतात. यावर रसिकाग्रणींनी एक ओळ लिहिली असती तर मी हा लेख लिहिलाच नसता.

तेव्हा वाचकहो, पुढच्या रविवारी मटण शिजेल तेव्हा रस्सा नेहमीसारखाच करा, मिरची थोडी हात राखून घाला, आणि बाटली ताटं मांडल्यावरच उघडा. पुरणपोळीच्या दिवशी मात्र तिला कपाटातच राहू द्या. पुरणाचा गूळ आणि कटाच्या आमटीतला गूळ या दोघांपुढे कोणत्याही रेड वाइनचा निभाव लागणार नाही.