घड्याळ दिल्लीचे, सूर्य अंदमानचा

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. पण आपल्याच देशाच्या एका टोकाला सरकारी घड्याळ रोज पहाटे कोंबडे झाकून बसते. ते टोक म्हणजे अंदमान-निकोबार. काळे पाणी, सेल्युलर जेल आणि १९११ साली तेथे नेण्यात आलेले सावरकर, एवढ्यावर मराठी माणसाची अंदमानची ओळख बहुधा संपते. तेथेही आज शाळा भरतात, कचेऱ्या चालतात, हे आपल्या ध्यानी येत नाही.

पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. परभणी त्याच्या पश्चिमेस, ७६.८ अंशांवर. म्हणून आपल्याकडे सूर्य सरासरी १२ वाजून २३ मिनिटांनी माथ्यावर येतो. पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) ९२.७ अंशांवर. तेथे तो ११ वाजून २० मिनिटांच्या सुमारासच माथ्यावर असतो. दोन्ही गावांत घड्याळ एकच, सूर्यात मात्र तासाभराहून अधिक अंतर! जूनमध्ये तेथे पहाटे पाचलाच सूर्य वर येतो आणि पावणेसहाच्या आत मावळतो. जानेवारीच्या मध्यास तर सव्वापाचलाच दिवेलागण. दहा ते पाचची कचेरी करणाऱ्याच्या वाट्याला उजेड उरतो तो झोपेतला.

यावर कोणी म्हणेल, युरोपसारखी उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करावीत. पण लंडनचा दिवस हिवाळ्यात आठ तासांहून लहान आणि उन्हाळ्यात साडेसोळा तासांहून मोठा असतो. अंदमान विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे वर्षभरात जेमतेम सव्वा तासाचा फरक पडतो. ऋतूपुरते घड्याळ हलवून तेथे काय साधणार? दुखणे ऋतूचे नाही, रेखांशाचे आहे.

दुसरा उपाय स्वतंत्र प्रमाणवेळेचा. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली ईशान्य भारत व अंदमान-निकोबारसाठी एक तास पुढची दुसरी वेळ सुचवली. त्यावर नेहमीचा आक्षेप रेल्वेचा: सीमेवर वेळ बदलली तर अपघात होतील. अंदमानात रेल्वेच नाही, सीमा समुद्राची आहे. तेव्हा हा आक्षेप तेथे लंगडा पडतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

तरीही मला दुसरे घड्याळ नको वाटते. बँका, विमाने, देशभर एकाच वेळी होणाऱ्या परीक्षा यांना एक वेळ सोयीची आहे. शिवाय वरून वेळ बदलली की काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १९०६ च्या जानेवारीत प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईची घड्याळे ३९ मिनिटे पुढे गेली. गिरणीकामगारास तितके आधी, अंधारात उठणे भाग पडले. कामगारांनी काम बंद पाडले. मुंबई महापालिकेने पुढे अनेक वर्षे ‘मुंबई टाइम’ सोडला नाही. हे भांडण काट्यांचे नव्हते. कोणाच्या झोपेतून वेळ कापायची, याचे होते. महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात घड्याळे पुन्हा तासभर पुढे केली गेली, तेव्हाही जनतेला कोणी विचारले नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे: घड्याळ एकच असू द्या, वेळापत्रक मात्र सूर्याला विचारून करा. आसामच्या चहामळ्यांत ‘बागान टाइम’ आजही तासभर पुढे चालतो. सरकारी घड्याळाला हात न लावता मळ्यांनी उजेड वापरला. आपण तरी वेगळे काय करतो? मराठवाड्यात ऊन तापू लागले की शाळा सकाळची होते. घड्याळ तेच, घंटा मात्र लवकर वाजते. अंदमानातील कचेऱ्या नि शाळा तासभर आधी भरवून आधी सोडाव्यात, आणि हा निर्णय तेथल्या माणसांनी घ्यावा. दिल्लीने फक्त आड येऊ नये.

आणि दिल्लीला नावे ठेवताना आपणही स्वतःकडे पाहावे. जानेवारीच्या मध्यास परभणीत सूर्य उगवतो तो सातच्या सुमारास. साडेसातच्या तासाला पोचण्यासाठी जिंतूर-पाथरीकडच्या खेड्यांतून पहिली एस.टी. धरणाऱ्या मुलीला फाट्यावर अंधारातच उभे राहावे लागते. उशीर झाला की हजेरी जाते. तिला कोणी कधी विचारले आहे काय? जिल्ह्यातल्या कॉलेजांनी डिसेंबर-जानेवारीपुरता पहिला तास अर्ध्या तासाने पुढे ढकलला, तर त्यासाठी ना संसदेचा ठराव लागतो, ना शास्त्रज्ञांची समिती. लागते ती फक्त वेळापत्रक करणाऱ्याने एकदा खिडकीबाहेर पाहण्याची तसदी.