चौदा दिवसांचा पाहुणचार

मैत्रिणींनो, ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली आहे. पण पाहुणा म्हणजे कोणी परका नसून आपलेच आईवडील किंवा सासूसासरे असले, तर? तिथे म्हण चालत नाही. तिथे दिवस मोजायचे नसतात आणि मोजलेच तर बोलून दाखवायचे नसतात. या न मोजण्यातून, न बोलण्यातून काय काय होतं, ते आपण प्रत्येकीने आपापल्या स्वयंपाकघरात अनुभवलेलं आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी सहा आठवडे इंग्लंडला जाऊन आले. ती न्यूबरी नावाच्या गावी राहते. गावाच्या मधून एक जुना कालवा जातो, केनेट अँड एव्हन. एका संध्याकाळी बाळाला बाबागाडीत घालून आम्ही काठाकाठाने फिरत होतो. काठाला एक लांबलचक, अरुंद, हिरवी बोट बांधलेली होती. टपावर पुदिन्याच्या कुंड्या, सरपणाची मोळी आणि वाळत घातलेले दोन टॉवेल. बहीण म्हणाली, “हे आमच्या शेजारणीचे आईवडील. दर वर्षी या दिवसांत येतात.”

“बोटीने येतात?” मी विचारलं.

“बोटीने येतात म्हणजे काय, बोटीतच राहतात! घर विकून टाकलंय त्यांनी.”

मला खरं तर धक्काच बसला. म्हातारपणी माणसं घर बांधतात, आणि यांनी असलेलं विकलं! पण दुसऱ्याच दिवशी त्या आजींनी आम्हाला चहाला बोलावलं, आणि मग पुढच्या दहा-बारा दिवसांत मी चार-पाच वेळा तरी त्या बोटीवर जाऊन बसले.

बोट कसली, रुळांवरून उतरून पाण्यात पडलेला रेल्वेचा डबाच. पण रुंदीला आपल्या डब्याहून कितीतरी कमी. सत्तावन्न फूट लांब आणि रुंदी फक्त सहा फूट दहा इंच! इंग्लंडमधल्या बऱ्याच जुन्या कालव्यांचे लॉक जेमतेम सात फूट रुंद, म्हणून बोटीही तशाच बारीक अंगाच्या. लॉक म्हणजे पाण्याचा जिना म्हणा ना. पुढे-मागे मोठे लाकडी दरवाजे, मधे हौद. बोट हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा आणि पाणी सोडून बोट वर चढवायची किंवा खाली उतरवायची. झडपा उघडायला एक लोखंडी हँडल असतं, ते हाताने फिरवायचं. दरवाजे पाठ लावून ढकलायचे. हे सगळं ज्याचं त्यानेच करायचं. आजी एकाहत्तर वर्षांच्या, आजोबा चौऱ्याहत्तरचे!

आत सगळं नेटकं. एका टोकाला पलंग, मग न्हाणीघर, मग हातभर ओटा, सिलिंडरवरची शेगडी, आणि पुढे बैठकीत कोळशाची छोटी लोखंडी भट्टी. पिण्याचं पाणी टाकीत भरून घ्यायचं. त्यासाठी कालव्याच्या काठी ठिकठिकाणी नळ आहेत. ताटल्या दोघांपुरत्या चार. नवी वस्तू आत आली की एक जुनी बाहेर गेलीच पाहिजे, असा आजींचा नियम. संडासाची पेटी काठावरच्या ठराविक जागी नेऊन रिकामी करावी लागते. ते काम आजोबांचं. “चाळीस वर्षं घरातला संडास मी घासला. आता त्यांची पाळी,” आजी हसत हसत म्हणाल्या. आजोबांनीही मुकाट्याने मान डोलावली.

या कालव्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. 1810 साली तो पूर्ण झाला. 1841 मध्ये लंडन-ब्रिस्टल रेल्वे सुरू झाली आणि कालव्याचा धंदा बसला. 1852 साली रेल्वे कंपनीनेच तो विकत घेतला, आणि पुढची शंभर वर्षं त्याची हळूहळू दुर्दशाच होत गेली. दरवाजे कुजले, पाणी आटलं. मग साध्यासुध्या लोकांनी, त्यात कितीतरी निवृत्त माणसं, सुट्टीच्या दिवशी चिखलात उतरून गाळ उपसला, पैसे गोळा केले आणि तो पुन्हा वाहता केला. 1990 साली राणी एलिझाबेथच्या हस्ते त्याचं पुन्हा उद्घाटन झालं. डिव्हायझेस गावाजवळ केन हिल नावाची टेकडी आहे. तिथे दोन मैलांत ओळीने एकोणतीस लॉक आहेत. आजी-आजोबा दर वर्षी तो जिना एकदा तरी चढतात.

“पण एवढं हिंडायचं कशासाठी?” मी न राहवून विचारलं. “लेक इथे आहे, नातवंडं आहेत. बोट इथेच कायमची बांधून ठेवली तर?”

तेव्हा आजींनी मला चौदा दिवसांचा नियम सांगितला. ज्या बोटीला स्वतःची कायमची भाड्याची जागा नाही, तिने एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, असा 1995 सालचा कायदाच आहे. त्याहून जास्त थांबायचं तर तसं सबळ कारण हवं. काही ठिकाणी तर त्याहूनही कमी दिवस मिळतात. म्हणजे लेकीच्या गावी आलं, चौदा दिवस राहिलं की दोर सोडायचा आणि पुढे निघायचं. वेगमर्यादा ताशी चार मैल! हंगरफर्ड हे पुढचं गाव, मोटारीने अर्धा तासही लागत नाही. बोटीने वाटेतले दहा-बारा लॉक पार करत पूर्ण दिवस जातो. एक मुलगी न्यूबरीला आणि एक मुलगा पश्चिमेला बाथजवळ. मधे हा कालवा. वसंतात इकडे, उन्हाळ्याच्या शेवटी तिकडे, नाताळला पुन्हा इकडे.

“तुला सांगते,” आजी म्हणाल्या, “आम्ही कधी जाणार हे माझ्या लेकीला कधीच विचारावं लागत नाही. ते सरकारने ठरवलेलं आहे. आणि आम्हालाही कधी वाटत नाही की आता हिला आपला कंटाळा आला असेल का. रात्री जेवून आम्ही आमच्या घरी झोपायला येतो. सकाळी ती तिच्या घरात उठते.”

मला हे फार आवडलं. पण मैत्रिणींनो, हे सगळं इतकं गोड असतं तर मी लिहायला बसले नसते. पुढची गोष्ट त्यांनी सांगितली ती शेवटच्या भेटीत, आजोबा पाणी भरायला गेले होते तेव्हा.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आजोबा लॉकच्या काठावर बर्फावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. बोट हलवणं शक्यच नव्हतं. कारण खरं होतं, त्यामुळे जास्त दिवस थांबायची परवानगीही मिळाली. लेकीने दोघांना हट्टाने घरी नेलं. खालच्या मजल्यावरची खोली रिकामी करून दिली.

“पहिले दोन आठवडे फार छान गेले,” आजी म्हणाल्या. “तिसऱ्या आठवड्यात मी तिच्या स्वयंपाकघरातली कपाटं लावली. मला वाटलं, बिचारी नोकरी करून दमून येते, तेवढीच मदत. संध्याकाळी ती आली. चहाचा डबा शोधत होती. मला काहीच बोलली नाही. फक्त खण जरा जोरात लावला.”

“मग?”

“मग काय! त्या एका आवाजाने मी रात्रभर रडले. मला तिच्या घरात सत्ता नको होती गं. मला फक्त वाटत होतं की मी अजून कुणाच्या तरी उपयोगाची आहे. माझं असं फडताळच राहिलं नव्हतं ना, म्हणून मी तिचं लावलं.”

मी एकदम गप्प झाले. कारण तो खण मीही लावलेला होता.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या सासूबाई गावाहून आल्या होत्या. किती दिवसांसाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तसं विचारणं बरं दिसत नाही. सकाळी माझी शाळा असायची. एक दिवस घरी येऊन बघते तो मिसळणाचा डबा नव्याने लावलेला. हळदीच्या वाटीत जिरं, मोहरीच्या जागी हिंग. मी तोंडाने काही बोलले नाही. झाकण तेवढं आपटलं. पुढच्या आठवड्यात “गावाकडे जरा काम निघालंय” म्हणून सासूबाई संक्रांतीच्या आधीच परत गेल्या. तेव्हापासून आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे ‘तब्येत बरी ना’ एवढंच. आणि तरीही, मी इंग्लंडला निघाले तेव्हा मुलांना सांभाळायला कोण आलं? त्याच! ह्यांनी फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन दारात हजर. एक अक्षर बोलल्या नाहीत.

सासूबाईंची बाजू मला सात समुद्रांपलीकडच्या एका बाईच्या तोंडून ऐकावी लागली!

मग त्या आजींनी काय केलं? त्यांनी दुसऱ्या दिवसापासून रात्रीचं बोटीवर जायला सुरुवात केली. भट्टी विझली तर नळ गोठतात, हे कारण आयतंच होतं. दिवसा आजोबांजवळ, रात्री आपल्या घरी. आणि दर रविवारी लेकीला, जावयाला बोटीवर जेवायला बोलवायच्या. “एवढ्याशा जागेत गुडघे एकमेकांना लागायचे,” त्या म्हणाल्या, “पण त्या दिवशी मी यजमानीण असायची.”

आणखी एक गोष्ट त्यांनी त्या दोन-तीन महिन्यांत केली. तोपर्यंत इंजिन आणि सुकाणू आजोबांकडे, स्वयंपाक आणि हिशेब आजींकडे, असा कारभार होता. अंथरुणावर पडल्यापडल्या आजोबांनी इंजिनाची सगळी माहिती एका वहीत लिहून दिली: तेल कधी बघायचं, पट्टा कसा ताणायचा, पंप बंद पडला तर काय. आजी शिकल्या. आणि बरे झाल्यावर आजोबा सूप आणि भाजी करायला शिकले. आता दर वर्षी जानेवारीत दोघं समोरासमोर बसून एकमेकांना तीन प्रश्न विचारतात. अजून हे आवडतंय का? दोघांना मिळून लॉक पार करता येतात का? आणि दोघांपैकी एकटं कोणी असलं तर बोट सुखरूप काठाला लावता येईल का? ज्या वर्षी एकाचं जरी उत्तर ‘नाही’ आलं, त्या वर्षी बोट विकायची आणि लेकीच्या गावात, पण लेकीच्या घरात नाही, दोन खोल्या घ्यायच्या. त्यासाठी पैसे बाजूला ठेवलेले आहेत.

तिकडचे प्रसिद्ध नट टिमोथी वेस्ट आणि त्यांच्या पत्नी प्रुनेला स्केल्स यांचा कालव्यांवरच्या सफरींचा कार्यक्रम 2014 पासून टेलिव्हिजनवर चालला होता. प्रुनेलाबाईंना विस्मरणाचा आजार झालेला होता आणि दोघंही ते मोकळेपणाने सांगत. 2024 मध्ये ते गेले, 2025 मध्ये त्या गेल्या. त्यांचं नाव निघालं की आजींचा आवाज हळवा होतो. “झाकून ठेवलं नाही त्यांनी काही. म्हणून इतकी वर्षं बरोबर हिंडता आलं,” त्या म्हणाल्या.

आता, आपल्याकडे सासूसासऱ्यांना चौदा दिवसांचा नियम लावा, असं मी मुळीच म्हणत नाही हं! आपल्या वडीलधाऱ्यांजवळ बोट नसते. पुष्कळांजवळ तर स्वतःचं असं एक कपाटही उरलेलं नसतं. एका मुलाकडून दुसऱ्याकडे पिशवी तेवढी हिंडते. पण त्या आजींकडून तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. येण्याजाण्याची तारीख आधीच मोकळेपणाने बोलावी, म्हणजे कोणाला अंदाज बांधत बसावं लागत नाही. येणाऱ्या माणसाला आपल्या घरात त्यांचं म्हणून एक फडताळ द्यावं, त्यात आपण हात घालू नये. आणि आपणही उलट त्यांच्याकडे राहायला जावं, म्हणजे त्यांना यजमानीण होता येतं.

जूनमध्ये मी परत आले. पहाटे घरी पोचले. सासूबाई उठायच्या आत चहा टाकावा म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि सवयीने मिसळणाचा डबा उघडला. हळद हळदीच्या जागी, मोहरी मोहरीच्या जागी. सहा आठवडे त्यांनी त्या ओट्यावर स्वयंपाक केला होता, आणि एक वाटी हलवली नव्हती.

मला उभ्याउभ्या रडू आलं. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. “काय गं, प्रवासाने दमलीस?” म्हणाल्या. मी त्यांना तिथेच त्या हिरव्या बोटीची सगळी गोष्ट सांगितली. खणाचीही सांगितली, आणि झाकणाचीही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “गॅस बारीक कर, चहा उतू जातोय.”

जाताना मात्र मी म्हटलं, “आई, दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांना घेऊन तुमच्याकडे येते. पंधरा दिवस.”

“ये की. तुझंच घर आहे,” त्या म्हणाल्या. आणि एसटीत चढताचढता मागे वळून पुढे, “परतीचं तिकीट मात्र काढूनच ये हो. म्हणजे पुरणपोळ्या कुठल्या दिवशी करायच्या ते मला कळेल.”