अधिकार पुष्कळ, कर्तव्ये कोठे?

महामारी ओसरली की तिची आठवणही ओसरते, हा मनुष्यस्वभाव होय. परंतु शासनास हे विस्मरण परवडणारे नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. त्याच्या बळावर पुण्यात रँडसाहेबांच्या समितीने गोऱ्या सोजिरांकरवी घरांची झडती घेतली. रोग्यास वेगळे ठेवणे वा घर निर्जंतुक करणे हे उपाय मूलतः गैर नव्हते; गैर होती ती रीत. परिणामी लोक रोगाइतकेच रोगनिवारकांना भिऊ लागले, रोगी लपवू लागले. आणि लपविलेल्या रोग्याइतका साथीचा दुसरा मित्र नाही. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर पुत्रासमवेत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. सत्ता आणि सेवा यांतील अंतर एकाच नगराने एकाच वर्षी पाहिले.

मार्च २०२० मध्ये करोनाशी लढताना महाराष्ट्राने हाच कायदा लागू केला. २४ मार्चच्या रात्री अवघ्या चार तासांच्या सूचनेने देशभर टाळेबंदी झाली आणि रोजगार गमावलेले मजूर शेकडो मैल पायी निघाले. उलट, धारावीत १ एप्रिल रोजी पहिला रुग्ण आढळल्यावर महापालिकेने वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना हाताशी धरले, घरोघर तपासणी केली, शाळांतून विलगीकरणाची व भोजनाची सोय केली. तेथे निर्बंध नव्हते असे नाही. परंतु निर्बंधांमागोमाग शासनाचा मदतीचा हातही पोचला. जुलैपर्यंत रुग्णसंख्या लक्षणीयरीत्या घटली.

साथीच्या काळी कठोर व्हावेच लागते, हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. तथापि विलगीकरणात गेलेल्याच्या घरी चूल कशी पेटेल, याचे उत्तर न देणारी कठोरता निष्फळ ठरते. १८९७ चा कायदा शासनाचे अधिकार सांगतो, अधिकाऱ्यांना संरक्षण देतो. नागरिकाप्रत शासनाचे कर्तव्य काय, याविषयी तो मौन बाळगतो. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांना संरक्षण मिळाले, हे योग्यच झाले. पण रोग्याच्या बाजूचे पान कोरेच राहिले.

ते पान साथ नसतानाच लिहिले पाहिजे. अन्न, बुडालेली मजुरी, खरी माहिती आणि सन्मानाची वागणूक हे रोग्याचे हक्क कायद्यात नमूद व्हावेत. विश्वास हे असे औषध आहे की, ते संकटाच्या दिवशी विकत मिळत नाही.