फलकावर नको, रांजणात पाणी हवं

गुढीपाडवा जवळ आला की नागपुरात पाणपोया उघडायला लागतात. चार बांबू, वर हिरवी जाळी, विटांच्या कट्ट्यावर तीन-चार रांजण, त्यांना गुंडाळलेलं लाल कापड आणि मागे भलामोठा फलक. फलकावर भाऊ, भाऊंचे मार्गदर्शक आणि मार्गदर्शकांचे प्रेरणास्थान, असे क्रमानं चेहरे. नारळ फुटतो, पहिला ग्लास पाहुण्यांना, मग फोटो. रामनवमी, महावीर जयंती, चौदा एप्रिल, अक्षय तृतीया, प्रत्येक मुहूर्ताला शहरात कुठे ना कुठे हे चालू असतं. या उद्घाटनांवर माझा राग नाही. त्या दिवशी निदान पाणी तरी असतं. माझी तक्रार आहे ती पंधरवड्यानंतरच्या दुपारची. झाकण कुठेतरी उडालेलं, तळाशी चार बोटं कोमट पाणी, त्यात कडुनिंबाचं सुकलेलं पान. साखळीनं बांधलेला ग्लास जागेवर असतो. फलकही असतो.

आणि नेमका तेव्हाच खरा उन्हाळा सुरू होतो. नागपूरकराला ऊन काय ते सांगायची गरज नाही, पण नोंद म्हणून लिहितो: २३ मे २०१३ रोजी या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. दर वर्षी नवतपा आला की पंचेचाळीस-शेहेचाळीसची आपल्याला बातमीसुद्धा वाटत नाही. हवा शरीरापेक्षा जास्त तापली की शरीराकडे स्वतःला थंड ठेवायला घाम हा एकच मार्ग उरतो. उन्हात ओझं उचलणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी सहज निघून जातं. ते परत पोटात गेलं नाही तर पुढचा टप्पा उष्माघात. डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा हे आपले जुने उपाय आहेत, पण दोन्हींपैकी एकानंही तहान भागत नाही.

पाणपोईवर येतं कोण ते एकदा सावलीत उभं राहून बघावं. कूलरच्या खोलीतून निघून गाडीत बसणारा माणूस तिथे येत नाही, त्याच्याजवळ बाटली असते. येतो तो हातठेला ओढणारा, इमारतीवर विटा वाहणारी छत्तीसगडची बाई, घराघरांत जेवण पोचवणारा पोरगा. मेडिकलला किंवा मेयोला पेशंट घेऊन आलेले गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याकडचे नातेवाईक येतात. औषधांना पुरतील की नाही अशा पैशांतून वीस रुपयांची बाटली घ्यायला त्यांचा हात धजत नाही.

चालणारी पाणपोई कशी असते, तेही सांगतो. इतवारीत एका किराणा दुकानाच्या पायरीशी दोन रांजण आहेत. फलक नाही, मंडप नाही, वर फक्त दुकानाचं छत. रांजण ओल्या वाळूत बसवलेले, भोवती गोणपाट, आणि गोणपाटावर दर तासा-दीड तासानं पाण्याचा हबका. आत हात जाऊ नये म्हणून लांब दांड्याचं ओगराळं. गल्ल्यावर मालकाची आई बसते. हमालानं विचारलं, "माय, पाणी हाय का?" तर मान वर न करता म्हणते, "हाव, घे ना बाप्पा. पाय धुवाले नोको घेऊ फक्त." दुपारी एकच्या सुमाराला दुकानातला पोऱ्या बादल्या घेऊन निघतो, कारण तोवर रांजणांनी तळ गाठलेला असतो.

सगळं गणित या एक वाजताच्या बादलीत आहे. तहानलेला माणूस दोन ग्लास, म्हणजे जवळपास अर्धा लिटर पाणी पितो. साठ लिटरचा रांजण सव्वाशे माणसांपर्यंत कसाबसा पुरतो. वर्दळीच्या चौकात इतकी माणसं सकाळच्या दोन तासांत येऊन जातात. म्हणजे सकाळी एकदा भरून सोडून दिलेल्या पाणपोईवर दुपारी, ऊन सगळ्यात कडक असताना, काहीच नसतं. पाणपोया बंद पडतात त्या दानत संपली म्हणून नव्हे, दुपारचा माणूस ठरवलेला नसतो म्हणून. रांजण विकत घेणारे पुष्कळ आहेत, आपल्याला भरणारे कमी पडतात.

"माणुसकी उरली नाही" हे वाक्य हल्ली फार स्वस्त झालंय. मला ते नागपुरात बसून पटत नाही. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या कुठल्याही रस्त्यानं चाला. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून दर वर्षी देशभरातून माणसं इथे येतात. अंगावर पांढरे कपडे, डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वस्त्यांनी, मंडळांनी, कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी मांडलेलं भोजनदान. कुठे मसालेभात, कुठे पुरीभाजी, कुठे नुसतं पाणी आणि बिस्किटं. वाढणारा जेवणाऱ्याला ओळखत नाही, पुन्हा कधी भेटण्याचा संभव नाही, तरी आग्रह घरच्यासारखा: "घ्या ना भाऊ, अजून घ्या." सकाळी सहाला पेटवलेली चूल रात्रीपर्यंत विझत नाही. त्या वस्त्या श्रीमंत नाहीत. महिनोन्‌महिने वर्गणी काढून हे उभं राहतं.

मग २०२० चा मे महिना आठवतो. कोरोनाच्या टाळेबंदीमुळे हैदराबाद, मुंबई, पुण्याकडचे मजूर उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, छत्तीसगडला चालत निघाले होते. देशाच्या मधोमध असलेल्या या शहराजवळून त्यातले हजारो गेले. पांजरीच्या टोलनाक्यावर नागपूरकरांनी त्यांना पाणी दिलं, जेवू घातलं, सोललेल्या तळव्यांखाली चपला सरकवल्या. इथून खाली हैदराबादच्या रस्त्यावर, यवतमाळ जिल्ह्यातल्या करंजीजवळ, बाबा करनैलसिंग खैरा यांचा लंगर. तेव्हा त्यांचं वय ८१. टाळेबंदीच्या त्या काळात त्यांच्याकडे लाखो माणसं जेवून पुढे गेली. देशभर बातम्या झाल्या, लोक गहिवरले. पण गहिवरताना एक गोष्ट नजरेतून सुटली. हा लंगर टाळेबंदीसाठी उघडलेला नव्हता. त्याआधी कित्येक वर्षं, कुणी फोटो काढत नव्हतं तेव्हाही, तिथे त्या रस्त्यानं जाणाऱ्या कुणाही वाटसरूला जेवण मिळतच होतं. पीठ कुठून आणायचं, किती माणसाला किती डाळ, भांडी कोण घासणार, हे सगळं हातात बसलेलं होतं. संकट आलं तेव्हा फक्त भांडी मोठी करावी लागली.

मला म्हणायचंय ते एवढंच. संकटात दिसणारा चांगुलपणा त्या दिवशी जन्मत नाही, तो आधी सवय म्हणून असावा लागतो. पाणपोई ही आपल्याजवळची सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी सवय. ती मोडली तर पुढच्या वेळी नाक्यावर उभं राहायला माणसं आणायची कुठून?

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला आक्षेप म्हणतो, पाणी हा हक्क आहे, दया कशाला. महापालिकेनं चौकाचौकात नळ द्यावेत. द्यावेतच. ही मागणी सोडायची नाही. अहमदाबादनं २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला, पुढे नागपूरनंही केला. त्यात पिण्याच्या पाण्याची सोय हे कलम असतंच, त्याचा जाब विचारत राहायला हवा. पण गच्चीवरच्या टाकीतून आलेल्या नळाला मेच्या दुपारी काय पाणी येतं ते आपल्याला माहीत आहे. त्यात चहापत्ती टाकायची तेवढी बाकी असते. नळ आला तरी रांजण लागणारच.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. सगळ्यांचा एकच ग्लास, कुणाकुणाचं तोंड लागलेलं. यातला आरोग्याचा भाग खरा आहे आणि त्याचा उपाय सोपा आहे: ग्लास वरून, तोंड न लावता प्यायचा, किंवा रांजणाला तोटी बसवून ओंजळीनं. पण "कुणाकुणाचं" या शब्दावर कधी कधी जो जोर पडतो, तो आरोग्याचा नसतो. पाणी पाजणं हे पुण्य, हे आपल्याकडे जुनं. कुणाला आणि किती अंतरावरून पाजायचं याचे नियमही तितकेच जुने. त्या नियमांविरुद्ध जोतीराव फुल्यांना १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद खुला करावा लागला. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. म्हणून जात न विचारता कुणालाही पाणी देणारा रांजण ही मला साधी गोष्ट वाटत नाही. तो बंद पडून तिथे पैसे टाकून घ्यायची बाटली आली, तर गाळणी फक्त बदलेल, जातीच्या जागी खिसा येईल.

आता कामाचं. रांजण घ्यायचा तो साधा, न रंगवलेला. याचं कारण नीट समजून घ्या, कारण इथेच हौशी मंडळी फसतात. रांजणाच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी पाझरतं आणि वाफ होऊन उडतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला पावणेसहाशेच्या आसपास किलोकॅलरी उष्णता लागते आणि तिचा मोठा वाटा आतल्या पाण्यातून खेचला जातो. हिशेबानं, साठ लिटरच्या रांजणातलं एक लिटर असं उडालं तर बाकीचं दहा अंशांनी उतरायला हवं. बाहेरून झळ लागत असते म्हणून तेवढं उतरत नाही, पण प्यायला गार वाटेल इतकं नक्की उतरतं. मुंबईच्या दमट हवेत माठ जेमतेम काम करतो. आपल्या कोरड्या मे महिन्यात तो बिनविजेचा फ्रीज आहे. आणि आपण त्याला काय करतो? मंडळाच्या नाहीतर पक्षाच्या रंगाचा ऑइलपेंट फासतो. छिद्रं बुजतात, पाणी तापतं, आणि लोक म्हणतात हल्लीच्या मडक्यांत दम नाही.

नवा रांजण एक-दोन दिवस पाण्यानं भरून ठेवावा, ते पाणी झाडांना घालावं, मग वापरावा. आतून रोज काथ्यानं घासायचा, साबण लावायचा नाही, मातीत तो मुरतो. उरलेलं शिळं पाणी रोज काढून टाकायचं. झाकण जड असावं. जागा सावलीची हवी, आणि ही अडचण आता मोठी आहे. रस्ते सिमेंटचे आणि रुंद होत गेले, त्यात कडेची कितीतरी झाडं गेली. म्हणून दुकानाचं छत, सोसायटीच्या फाटकाची कमान, शाळेची भिंत, जिथे दुपारी सावली पडते तिथे रांजण बसवा. चौकाच्या मधोमध, सगळ्यांना फलक दिसावा म्हणून भर उन्हात मांडलेली पाणपोई ही जाहिरात आहे.

आणि मुख्य म्हणजे पाळ्या लावा. एका ओळीतली सहा दुकानं असतील तर सहा वार वाटून घ्या. रविवार शेजारच्या सोसायटीनं घ्यावा. गणेश मंडळांकडे, दुर्गा मंडळांकडे, भीमजयंतीच्या समित्यांकडे पोरं आहेत, हिशेब ठेवायची सवय आहे, वर्गणी गोळा करायची तर विचारूच नका. दहा रात्री जागणाऱ्या मंडळाला अडीच महिने दुपारी दोन बादल्या ओतणं जड जाऊ नये. कॉलेजांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी एकेक चौक दत्तक घ्यावा. पेट्रोल पंपावर ग्राहकांना पिण्याचं पाणी फुकट देणं बंधनकारक आहे. तिथे जाऊन नम्रपणे आठवण करून द्या, आणि बाहेर पायी जाणाऱ्यासाठीही एक तोटी काढा म्हणावं. पुढाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: उद्घाटन तुम्हीच करा, फोटोही काढा, पण भरायची जबाबदारी कुणाची त्याचं नाव ठरल्याशिवाय नारळ फोडू नका. जेवढ्या जागेत मार्गदर्शकांचे चेहरे मावतात, तेवढ्यात सात वार आणि सात नावं आरामात मावतात.

पैसा फार लागत नाही. दोन रांजण, गोणपाट, ओगराळं, एक घमेलं वाळू. एका वाढदिवसाच्या केकमध्ये ही सगळी सामग्री यावी. लागते ती फक्त दुपारची पंधरा मिनिटं, तीही आठवड्यातून एकदा, पाळी असेल त्या वारी.

सुरुवात मेडिकलच्या फाटकापासून करा, नाहीतर मेयोसमोरून. गणेशपेठ बसस्थानकाबाहेर, कॉटन मार्केटला, कळमन्याच्या बाजाराकडे वळणाऱ्या रस्त्यावर, जिथे कुठे तुम्ही रोज जाता-येता. हे काम पाडव्याच्या सकाळसाठी ठेवू नका. येत्या रविवारी कुंभाराकडे जा, रांजण बोटांनी वाजवून बघून घ्या, आणि घरी आणायच्या आधी तुमच्या सोबत भरणाऱ्या सहा जणांना फोन करा.